नारिंगी दिवा आणि आप्पांची नजर

गाड्या धुण्याच्या जुन्या शेडसमोर सकाळी साडेसातलाच रांग लागायची. पांढरी बंडी घातलेले दिवेमहाराज टॉर्च घेऊन एकेका गाडीत डोकावत पुढे सरकायचे. स्टिअरिंगमागे नारिंगी दिवा दिसला, की डोळे मिटून बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "काजळी! घरातल्या कुणाची तरी नजर इंजिनात उतरलीय."

मग उपाय. गाडी एकट्याने न्यायची, मौन धरून. हमरस्त्याने टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत. वाटेत थांबायचं नाही, इंजिन बंद करायचं नाही, वरचा गिअर टाकायचा नाही.

"वरचा गिअर म्हणजे अहंकार, बाळांनो!"

आणि दिवा खरोखर विझायचा. माणसं डोळे पुसत परत यायची, पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन यायची.

आमच्या ह्यांचाही विझला. पण त्याआधी महाराजांनी विचारलं होतं, "गाडीत रोज कोण बसतं?"

"वडील. त्यांना व्यायामाला नेतो दवाखान्यात."

"किती लांब?"

"दहा मिनिटं."

महाराजांनी सुस्कारा सोडला. "आजारी माणसाची नजर फार जड असते. बसवू नका त्यांना."

तेव्हा मी ऐकलं नाही, आप्पांना नेत राहायला लावलं. दोन आठवड्यांत दिवा पुन्हा लागला.

"बघ!" हे म्हणाले. "आप्पा नव्हते तेव्हा गेला, आप्पा बसले आणि आला. आता आणखी काय पुरावा हवा तुला?"

आप्पा म्हणजे माझे सासरे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ते उजवा पाय ओढत चालत. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाय सुधारायचा तर पहिले तीन महिने. एकही दिवस चुकवू नका." त्यातले दोन संपले होते.

त्या सकाळी आप्पांनी एका पायात मोजा चढवला, ह्यांचं बोलणं ऐकलं आणि तो हळूच काढून ठेवला. "राहू दे सूनबाई. माझ्यापायी गाडी बिघडायला नको." मी नेते म्हटलं, तरी ते गाडीत बसेनात.

पहाटेचा जप झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. पण ज्याचं नाव घेते, तो एका बापाला मुलाच्या गाडीतून उतरवील, हे काही मला पटेना. चौथ्या दिवशी गाडी घेऊन मी पानाताईंकडे गेले. चौकात त्यांचं गॅरेज आहे. हातात सदा पाना, म्हणून पानाताई.

दिवा बघून त्यांनी विचारलं, "वहिनी, गाडीचं पुस्तक वाचलंत?"

पुस्तक समोरच्या कप्प्यात होतं. प्लास्टिकचं वेष्टन तसंच. चार वर्षं झाली होती गाडी घेऊन!

त्यांनी वेष्टन फाडून पान काढलं. तोच दिवा छापलेला. खाली लिहिलेलं: मोकळ्या रस्त्यावर न थांबता वीसेक मिनिटं गाडी चालवा, इंजिन बंद करू नका, गिअर जरा खालचा ठेवा.

"अगं बाई! हा तर महाराजांचा उपाय!"

"मौन सोडून सगळा," पानाताई हसल्या. "डिझेलच्या धुराची काजळी अडवायला नळीत गाळणी असते. ती भरत जाते. धूर चांगला तापला की आतल्या आत काजळी जळून जाते. पण तुम्ही जाता दहा मिनिटं. तवा तापायच्या आत गॅस बंद! मग गाळणी साफ कशी होणार? ती दिवा लावून सांगते, बाई गं, मला जरा लांब ने."

"आणि आप्पांची नजर?"

"आप्पा कुठे बसतात ते गाळणीला दिसत नाही हो. महाराज हुशार आहेत, दिवा उघडझाप करत असला की हातच लावत नाहीत. 'श्रद्धा कमी' म्हणून आमच्याकडे पाठवतात. तेव्हा नुसतं फिरवून भागत नाही."

रविवारी मी ह्यांना म्हटलं, "एकदाच. आप्पांना पुढे बसवून मनोऱ्यापर्यंत जाऊ. दिवा नाही गेला तर पुन्हा शब्द काढणार नाही."

मौन कसलं! आप्पा वाटभर बोलत होते. "अरे, ट्रकला वाट दे... तुझ्या वयाचा असताना मी एका हाताने चालवायचो... हा आरसा आहे की शोभेची वस्तू?" पंचविसाव्या मिनिटाला दिवा गेला.  हे दिव्याच्या जागेकडे बघत राहिले.

परतताना आम्ही शेडपाशी थांबलो. मी सांगून ठेवल्याप्रमाणे पानाताई आधीच येऊन उभ्या होत्या. मी हात जोडले. "महाराज, आप्पा गाडीत होते, अखंड बोलत होते. तरी दिवा गेला."

"कृपा, माई! कृपा!"

"मग एवढी कृपा आणखी करा," पानाताई म्हणाल्या. "रांगेतली ही पहिली गाडी घ्या. मौन धरा, मंत्र म्हणा, काय हवं ते करा. फक्त हमरस्त्याला जायचं नाही. इथेच गल्लीत फिरून दिवा विझवायचा."

लोक कुजबुजले. नाही म्हणायची सोय उरली नाही. महाराज बसले. गल्लीला सात फेऱ्या झाल्या. प्रत्येक वळणावर ब्रेक, प्रत्येक फेरीला घाम. दिवा जसाच्या तसा.

महाराज उतरले. "आज वार अनुकूल नाही."

"अहो, मग ह्या आजोबांचा दिवा काय काल गेला?" रांगेशेजारी थांबलेला रिक्षावाला ओरडला, आणि शेड हशाने भरून गेली. "गाडीचं पुस्तक उघडा, उपाय त्यातच छापलाय," पानाताई म्हणाल्या. कुणीतरी आपल्या गाडीचा कप्पा उघडला. प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला. मग दुसरा, तिसरा.

हे मात्र हसत नव्हते. आप्पांच्या बाजूचं दार उघडून वाकून उभे होते. "आप्पा, माझं चुकलं. उद्या सकाळी व्यायामाला निघू. आणि येताना लांबच्या रस्त्याने येऊ."

"पाच दिवस बुडालेत," आप्पा म्हणाले. "उद्या दुप्पट करीन."

देवावर श्रद्धा ठेवू नका, असं मी कशी सांगेन? एवढंच सांगते. यंत्र बिघडलं तर यंत्र जाणणाऱ्याला विचारा. आणि घरच्या माणसाकडे बोट दाखवणारा कुणी भेटला, तर त्याला एवढंच म्हणा, "सिद्ध करून दाखवा." आवाज चढवायची गरज नाही. हळू विचारलं तरी चालतं.