गारठ्याचा जवाब

माझ्या नवऱ्याच्या आत्मचरित्रात मी तीनदा येते. एकदा लग्नात, एकदा त्याच्या आईच्या मयतीला आणि एकदा एकशे बाराव्या पानावर. तिथं तो लिहितो, 'जयमालाच्या स्वभावातच गारठा होता. घरात ऊब मिळाली असती, तर मी राजनंदिनीकडे कशाला गेलो असतो? आणि राजनंदिनीनं तरी मला कुठं सोडलं? तिनं जाळंच टाकलं होतं.'

म्हणजे एक बाई थंड, दुसरी गळेपडू, आणि मधे हा बिचारा. वा रे वा!

माझा नवरा सम्राट म्हणजे आमच्या जिल्ह्याचा रॉकस्टार. पोस्टरवर तसंच छापतात. भीमगीतांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम जोडून त्यानं नाव काढलं. त्याच्या आवाजाला मी कधी नावं ठेवणार नाही, आवाज आहेच तसा. पण भर मे महिन्यात काळं लेदर जॅकेट घालून स्टेजवर उड्या मारायचा आणि खाली उतरला की पाठभर घामोळं. त्यावर पावडर कोण लावायचं? ते पुस्तकात नाही.

लग्नानंतर सहा वर्षं मी त्याच्याच गायन पार्टीत कोरसला होते. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. 'तू घरी थांब, घर तुझ्यावरच हाय' असं म्हणून त्यानंच मला पार्टीतून उतरवलं. माझ्या जागी राजनंदिनी आली. ती बावीसची, हा अडतीसचा. दोन वर्षांनी भांडं फुटलं. सासूबाईंना मूठमाती देऊन झाल्यावर मी लेकीला, निकिताला घेऊन नागापूरला खोली केली आणि विजेच्या मोटारी वाइंड करायच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

खरं सांगते, इतकी वर्षं मी नवऱ्यापेक्षा त्या पोरीलाच जास्त शिव्या दिल्या. पुस्तकात 'जाळं टाकलं' वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. अगदी हेच शब्द मीही बोलत आले होते.

पण जिव्हारी लागलं ते वेगळंच. प्रकाशनाच्या आठ दिवस आधी सम्राटनं लेकीला सही करून प्रत पाठवली. निकिता आता सोळा वर्षांची आहे. तिनं दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि मी भाकरी थापत असताना दारात येऊन उभी राहिली.

"आई, तू खरंच पप्पांशी महिना महिना बोलायची नाहीस?"

"तुझे पप्पा महिना महिना घरी येत नव्हते. बोलू कुणाशी, भिंतीशी? आजीला मी उचलून बसवायचे, ते तरी आठवतंय का तुला?"

"मी पाच वर्षांची हुते, आई."

एवढं बोलून ती आत गेली. पण त्या दिवसापासून ती माझ्याकडं तपासल्यासारखी बघायला लागली. तिचं तरी काय चुकलं? बापाचं म्हणणं छापलेलं, वर त्याचा रंगीत फोटो. माझं म्हणणं चुलीपुढचं. उद्या मी मेले, तर माझ्या लेकीजवळ माझ्याबद्दल एवढं एकच पान राहणार. या विचारानं मला रात्रीची भाकर गोड लागेना.

प्रकाशन रविवारी सकाळी होतं, पारनेरच्या एका मंगल कार्यालयात. निकिताला जायचं होतं, म्हणून मी गेले. मागच्या रांगेत बसलो. पंचशील झालं, गुलाबाची फुलं देऊन झाली, भाषणं झाली. मग सम्राटनं गिटार गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "आता पुस्तकातले परसंग आपल्या सामन्याच्या चालीवर ऐका!" लोकांनी शिट्ट्या मारल्या.

सामना म्हणजे आमच्याकडं जयंतीला दोन गायन पार्ट्यांची लागते ती झुंज. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं जवाब द्यायचा. नाव घेऊन सवाल टाकला, तर ज्याचं नाव घेतलं त्याला जवाबाचा हक्क, मग तो मांडवात कुठंही बसलेला असो. आणि मग त्याच्या उलट सवालाचा जवाब दिल्याशिवाय पहिल्यानं मंच सोडायचा नाही. हे आम्हा दोघांना उत्तमदादांनी शिकवलं होतं. ते म्हातारे गायक त्या दिवशी अध्यक्ष होते. सम्राट मोठमोठ्या स्टेजवर फिरून सामन्याची चाल तेवढी लक्षात ठेवून होता, नियम विसरला होता.

त्यानं तान घेतली, "घरी गारठा जयमालाचा, म्हणून बाहेर शेकलो मी..."

मांडव हसला. निकितानं मान खाली घातली. ती मान बघितली आणि माझ्या अंगाची आग झाली. मी उठले.

"उत्तमदादा, नाव घेऊन सवाल टाकलाय. जवाब माझा हाय."

सम्राट माईकवरून म्हणाला, "अगं, ह्यो सामना न्हाई, पुस्तकाचा कार्येकरम हाय."

"चाल सामन्याची घेतली, नाव घेतलं," उत्तमदादा म्हणाले. "मंग सामनाच झाला की, सम्राट. उतरू नको. ये पोरी, वर ये."

अकरा वर्षं मी माईक धरला नव्हता. पहिल्या ओळीला आवाज फाटला. कुणीतरी फिसकन हसलं. पण ढोलकीवाला आमच्या जुन्या पार्टीतलाच होता, त्यानं ठेका धरून ठेवला. मी पुन्हा उचललं.

"घरात गारठा हुता म्हणतो, तू घरात हुता कवा?
माय तुझी अंथरुणाला, तिला पाजली कुणी दवा?
बावीसची ती, अडतीसचा तू, जाळं तिचं म्हणशी,
दोघींवरती खापर फोडून तू कोरा कसा निघशी?"

बायांच्या बाजूनं आवाज आला, "जवाब! जवाब द्या!"

सम्राटनं गिटारीच्या दोन तारा छेडल्या आणि थांबला. जॅकेटच्या बाहीनं कपाळ पुसलं. गाण्यातून काही सुचेना, तेव्हा बोलायला लागला.

"त्या टायमाला दौरेच लई हुते. पार्टीतल्या पोरांची संगत बी तसलीच. आन् हे गारठा-बिरठा मी बोललोच न्हाई. शब्दांकन श्रीमंत सरांचं हाय."

पहिल्या रांगेतले श्रीमंत सर ताडकन उभे राहिले. "सगळ्या टेप आहेत माझ्याकडं!"

लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. माझा संसार मोडला, सासूबाई लेकाची वाट बघत गेल्या, आणि याच्याकडं अजून देण्यासाठी दुसऱ्यांचीच नावं होती. बायको, राजनंदिनी, दौरे, पोरं, आता सर. लाज म्हणून कशाची वाटू नये माणसाला!

मी तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"पप्पा."

निकिता उभी होती. 

"आईनं काय केलं, ते पुस्तकात वाचलं. राजनंदिनीनं काय केलं, तेबी वाचलं. दौऱ्यांनी, पोरांनी, सरांनी काय केलं, ते आत्ता ऐकलं. तुमी काय केलं?"

"बेटा, तू लहान हाय अजून..."

"मग मला पुस्तक कशाला पाठवलं?"

उत्तमदादांनी ढोलकीवर हात ठेवून ठेका थांबवला. सम्राटनं माईक तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. तेवढ्यात निकिता खुर्च्यांमधून वाट काढत मंचावर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली, तोंड त्याच्याकडं करून. आम्ही दोघी जवाबाची वाट बघत राहिलो.