सहीनंतरची पूजा

विमान घेऊन सविताला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. बसायला मिळणार नव्हतं. वणीच्या घाटातसुद्धा ती डोळे मिटून, लिंबाची फोड चोखत बसायची. आभाळात जायची तिची तयारी नव्हती. मुंबईला जायला उपयोग नव्हता, कारण तिथे उतरायची परवानगी काढण्यापेक्षा महामार्गाने दोनदा जाऊन येणं सोपं. मिळणार होतं ते एकच, नाव. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. घर सासूच्या, बायडाबाईंच्या नावावर. द्राक्षबागा नवऱ्याच्या, रविराजच्या नावावर. पॅकहाउस रविराज आणि त्याच्या चुलतभावाच्या भागीत. गॅसचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर, आणि सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झालेली. पॅकहाउसचं सगळं गणित मात्र सविताच्या डोक्यात. कोण किती पेट्या भरतं आणि भरता भरता किती मणी तोंडात टाकतं, हे तिला वजनकाट्याआधी कळायचं. पण तिच्या स्वतःच्या नावावर सात-बारा सोडाच, साधी स्कूटीही नव्हती.

म्हणून सीए म्हणाला, "शेठ, विमान यंदा वहिनींच्या नावावर घ्या, कराच्या हिशेबात बसतं," तेव्हा सविताला जरा गुदगुल्या झाल्याच. रविराज गायखेच्या बायकोच्या नावावर पहिली वस्तू चढली, ती थेट विमान.

रविराजला काय मिळणार होतं, ते सगळ्या पिंपळगाव बसवंतला कळत होतं. मोठ्या गाडीने आता तिथे कुणाची मान वळत नाही. कांद्याचा एक हंगाम बरा गेला की पोरंसुद्धा दारात मोठी गाडी लावतात. विमान मात्र कुणाकडे नव्हतं. दक्षिणेतली एक वैमानिक-शाळा बंद पडली, तिचं चार आसनांचं, एका इंजिनाचं, चौतीस वर्षं वयाचं विमान पंच्याऐंशी लाखांना सुटलं. सिन्नरच्या पलीकडे माळावर एका बंद कारखान्याची खाजगी धावपट्टी होती, ती भाड्याने घेतली. उडवायला निकिता नावाची पायलट ठरवली, सत्तावीस वर्षांची, मोजकं बोलणारी. आणि विमानाची देखभाल करून 'हे उडायला योग्य आहे' अशी सही द्यायला ठरवला बुद्धभूषण पगारे.

पगारे नाशिकरोडचा. वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. हा नऊ वर्षं एकेक परीक्षा देत परवानाधारक इंजिनिअर झाला आणि बारा वर्षं परगावच्या विमानतळांवर राबून पहिल्यांदाच घराजवळ आला होता. बायडाबाईंनी त्याला विचारलं होतं, "एवढं म्हातारं इमान कशाला रं घेऊ दिलं? म्हस घेताना आपण दात बघतो."

"आजी, याचे दात कागदावर असतात," पगारे म्हणाला होता. "प्रत्येक स्क्रू कधी बदलला ते लिहिलेलं असतं. माझी सही झाली की पायलटनं उडवायचं. सही नाही तर हे नुसतं पत्र्याचं खोकं."

पहिल्या उड्डाणाचा मुहूर्त बुधवारचा निघाला. बाराला राहूकाळ लागत होता, त्याआधी चाकं जमिनीवरून सुटली पाहिजेत असं गुरुजींनी बजावलं होतं. आणि गुरुजीच सिन्नरच्या वाहतुकीत अडकले. नऊची पूजा सव्वा अकरावर गेली. तोवर पगारेची तपासणी झाली होती, सही झाली होती, निकितानेही विमानाभोवती फिरून सगळं बघून घेतलं होतं.

"शेठ, पूजा आधी झाली असती तर बरं होतं," पगारे म्हणाला. "आता पूजेनंतर मी पुन्हा एक फेरी मारतो. दहा मिनिटं."

"मारा की. कोण नाय म्हणतंय?" रविराज म्हणाला.

पूजा सुरू झाली तसा पगारे शेडच्या सावलीला जाऊन उभा राहिला. तो बौद्ध घरातला. परक्यांच्या पूजेच्या वेळी बाजूला व्हायची त्याची जुनी सवय होती. त्यात राग नव्हता, आपल्यामुळे कुणाला अवघडायला नको एवढाच हिशेब. सविताला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं. नंतर तिला वाटत राहिलं की तो तिथेच, तिच्या हाताशी उभा असता तर.

कारण पूजा करणारा हात तिचा होता. गायख्यांच्या घरात वाहनाच्या पूजेची एक रीत होती, बायडाबाईंनी तिला लग्नाच्या वर्षी ट्रॅक्टरवर शिकवलेली. वाहनाला जिथे जिथे भोक असेल तिथे ओलं कुंकू आणि अक्षता लावायच्या. किल्लीचं भोक, सायलेन्सर, दिव्याची फट, काही सोडायचं नाही. दृष्ट भोकातून शिरते. तेवीस वर्षांत सविताने तीन ट्रॅक्टर, सात टेम्पो आणि चार गाड्या अशाच बुजवल्या होत्या आणि एकालाही काही झालं नव्हतं. विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे आलेली होती. तिच्या तोंडाला बारीक भोक. सविताने करंगळीने कुंकू लावलं आणि अक्षतेचे दोन-तीन दाणे आत दाबले. दाणे नेमके बसले.

"सविते, शेपटीकडं बी बघ," मागून बायडाबाई म्हणाल्या.

ड्रायव्हर सोमा रविराजच्या फोनवर फोटो काढत होता. झेंडूच्या माळा सोडवण्यातच पाच मिनिटं गेली. अकरा एक्कावन्नला पगारे धावत आला.

"शेठ, माझी फेरी."

"आता कसली फेरी? नऊ मिनिटं राहिलीत."

"दहाच मागतोय."

"अरे, देवाचा हात लागलाय त्याला. तो काय बिघडवून ठेवतो का?"

पगारेने तोंड उघडलं, तोच बायडाबाई हसत हसत म्हणाल्या, "आमच्या हळदकुंकवाचं तुला एवढं काय वावडं हाय रं बाबा?"

चारचौघं हसली. गुरुजी हसले, सोमा हसला, सवितासुद्धा हसली. पगारे हसला नाही. पण त्या एका वाक्यानंतर त्याने पुन्हा तपासायला मागणं म्हणजे काय दिसलं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, त्याला सगळ्यांपेक्षा जास्त. तो दोन पावलं मागे सरला. निकिताने घड्याळ बघितलं, पंखांची आणि शेपटीची हलती पाती घाईने हलवून बघितली आणि चढली. शेजारी रविराज बसला, फेटा सांभाळत.

विमान धावपट्टीवर सुटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अर्धी पट्टी गेली तरी ते उचलेना. मग इंजिनाचा आवाज एकदम पडला, चाकं किंचाळली. पट्टी आखूड होती. विमान पुढच्या मुरमात घुसलं, नाकाखालचं चाक मोडलं, पंख्याची पाती जमिनीला लागून वाकली आणि ते बाभळीत थोबाड घालून थांबलं. रविराजच्या कपाळाला टेंगूळ आलं. निकिताचं मनगट मोडलं.

"वेगाचा काटा उठलाच नाही, काकू," दवाखान्यात निकिता म्हणाली. हात गळ्यात बांधलेला. "पंखाखालच्या नळीत समोरून वारा शिरतो, त्यावर तो काटा चालतो. काटा शून्यावर. वेग कळत नसताना वर जायचं म्हणजे आंधळ्याने विहिरीच्या काठावर चालायचं. म्हणून ब्रेक मारले. नळी कशाने तरी बुजली होती."

सविताने करंगळी पदरात धरली.

चौकशीचे अधिकारी दिल्लीहून आले. नळीतून त्यांनी तांदळाचे दाणे चिमट्याने काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले. दाणे कुठून आले हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, कधी आले. पूजा सहीच्या आधी झाली असेल, तर बुजलेली नळी न बघता पगारेने सही ठोकली, आणि त्याचा परवाना गेला. पूजा सहीनंतर झाली असेल आणि त्याला पुन्हा बघू दिलं नसेल, तर त्याला फार तर समज मिळाली असती.

रविराजने सांगितलं, पूजा सकाळी नऊलाच आटोपली होती.

निकिताने खरं सांगितलं, पण तिच्याही मानेवर चौकशी होती, तिच्या शब्दाला वजन किती? गुरुजींना वेळ आठवेना. पुढच्या महिन्यात गायख्यांकडेच त्यांची वास्तुशांत ठरलेली होती. सोमाने सांगितलं, मी गाडीतच बसलो होतो. फोटो असलेला फोन त्या धांदलीत हरवला, असं रविराजने लिहून दिलं. तो फोन सविताने त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने चार्जिंगला लावला होता.

आठवड्याने पगारे पॅकहाउसच्या ऑफिसात आला. हंगाम संपला होता, बाहेर रिकामे क्रेट रचलेले. सविताने खुर्ची दाखवली, तो बसला नाही.

"मॅडम, विमान तुमच्या नावावर आहे," तो म्हणाला. "मालकाचं लेखी ते धरतात. मला एक ओळ लिहून द्या. सहीनंतर पूजा झाली, एवढंच. तांदूळ कुणी घातले ते मी विचारत नाही. कुणाला सांगणारही नाही."

म्हणजे त्याला माहीत होतं. सविताची मान वर होईना.

"चूक माझीही आहे," पगारे म्हणाला. "मी अडून बसायला हवं होतं. ते मी माझ्या जबाबात लिहिलंय. पण बुजलेल्या नळीवर सही केली, असं माझ्या नावावर लागलं तर मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. शुक्रवारी जबाब बंद होतायत."

"बघते मी," सविता म्हणाली.

"हो म्हणताय का?"

"बघते म्हटलं ना, पगारे."

तिने खरोखरच बघितलं. त्याच दुपारी कोरा कागद घेतला, तारीख घातली, ओळ लिहिली. अक्षर चांगलं आलं होतं. फक्त सही करायची राहिली, आणि संध्याकाळी जेवताना तिने ते बोलून टाकलं. न बोलता पाठवला असता तर गेला असता. पण तेवीस वर्षांत तिने न विचारता साधं पोस्टकार्डही टाकलेलं नव्हतं.

रविराजने घास खाली ठेवला. "विम्यावाले काय म्हणतायत ठाऊक हाय का? देखभाल करणाऱ्याची चूक असंल तर ते भरतील. सहीनंतर मालकाच्या माणसांनी यंत्रात काही घातलं असंल तर दमडी देणार नाहीत. तुझी ओळ गेली, की चौऱ्याहत्तर लाख गेले."

"त्याचा परवाना जाईल, अहो. नऊ वर्षं घातलीत त्याने."

"लय हुशार माणूस हाय तो, करील काहीतरी. त्याला आपण वर चार पैसे देऊ."

"पैसे मागितलेच नाहीत त्याने. आणि विमान माझ्या नावावर हाय ना? मग मालकाचं म्हणणं मी मांडते."

रविराज हसला. रागावला असता तर परवडलं असतं. "अगं, नाव तुझं हाय म्हणून सही तुझी. म्हणून इमान तुझं झालं का?"

बायडाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडत, फार प्रेमाने सांगितलं, "सविते, तुझीच काळजी वाटती. पूजा नंतर झाली म्हटलं की पुढचं विचारतील. तांदूळ कोणी घातलं? सगळ्या तालुक्यात होईल, गायख्याच्या सुनेनं इमान पाडलं. नवऱ्याला मारायला निघाली व्हती म्हणतील."

हा हिशेब सविताने केला नव्हता असं नाही. केला होता, पण कागदावर मांडला नव्हता. आता सासूने मांडला, आणि तो तिला पटला. खरं सांगायचं तर चौऱ्याहत्तर लाखांपेक्षाही तो जास्त पटला. कोण कुणाच्या भीतीला रक्कम लावतं? पण आतल्या आत आपल्या भीतीची रक्कम तिला कळली, आणि पगारेच्या नऊ वर्षांपेक्षा ती मोठी निघाली.

गुरुवारी रविराजने टाइप केलेला कागद पुढे केला. 'विमानाची मालक या नात्याने मी लिहून देते की पूजाविधी सकाळी नऊ वाजता, तपासणीपूर्वी पार पडला.' सविताने तो दोनदा वाचला. व्याकरण बरोबर होतं. खाली तिचं पूर्ण नाव छापलेलं होतं, सौ. सविता रविराज गायखे, मालक. इतक्या ठळक अक्षरात ते तिने कधी बघितलं नव्हतं. तिने सही केली. स्वतः लिहिलेला कागद चार घड्या करून चुलीत घातला; गॅस असला तरी पाणी तापवायची चूल अजून होती.

शुक्रवारी पगारेचा फोन आला. तिने वाजू दिला. शनिवारी आला नाही.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागला. पगारेचा परवाना दोन वर्षांसाठी रद्द झाला, पुढे पुन्हा परीक्षा देऊन मिळाला तर मिळाला. रविराजने सोमाच्या हाती त्याच्याकडे पन्नास हजारांचं पाकीट पाठवलं. पगारेच्या बायकोने, अंजलीने, सोमाला पाणी दिलं आणि पाकीट परत दिलं. सोमाने ते परत आणून दिलं, हे त्यातल्या त्यात बरं. पगारे सध्या अंबडला एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर बारा तासांची पाळी करतो, असं सोमा सांगत होता. सविताने विचारलं नव्हतं.

मोडकं विमान भंगारवाल्याने सव्वादोन लाखांना नेलं. विम्याचे चौऱ्याहत्तर लाख मालकाच्या खात्यात, म्हणजे सविताच्या खात्यात जमा झाले. तिथे ते दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी रविराजने चेकवर तिची सही घेतली आणि पैसे फिरवले.

आता कोणी काय भरलं ते बघू. विमा कंपनीने चौऱ्याहत्तर लाख. रविराजने आठ लाख पंचाहत्तर हजार, आणि तेही पुढच्या वर्षी करात बसवणार असं सीए म्हणतो. निकिताने एक मनगट आणि तीन महिने. गुरुजींनी काही नाही. त्यांना दक्षिणा मिळाली. बायडाबाईंनी काही नाही. मालकिणीने दोन सह्या. बाकीचं सगळं पगारेने भरलं, आणि अजून भरतोय.