नवव्या विषयावर बोलायचं आहे

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे व्हरमाँटमधल्या त्या गावाचा गावसभेचा दिवस. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि बुटांबरोबर अर्ध्या गावाचा चिखल आत आला होता. मेव्ह थिबो भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. मतदारयादीत नाव नसलेल्यांचा तो बाक. तिला अठरा पूर्ण व्हायला अजून सात महिने होते.

नागरिकशास्त्राच्या पेल्कीबाईंनी वर्गाला सांगितलं होतं, "सभा बघा आणि दोन पानं लिहून आणा." मेव्ह नुसती बघायला आली नव्हती. तिच्या मांडीवर चार पानी भाषण होतं.

विषय क्रमांक नऊ: केटल ओढ्यावरचा पूल दुरुस्त न करता कायमचा बंद करावा. पुलापलीकडे बारमाही नांदतं घर एकच, तिचं. पूल गेला की डोंगराला अकरा मैलांचा वळसा, आणि बर्फ वितळायला लागलं की तोही रस्ता बंद. आईला पहाटे पाचला वृद्धाश्रमात हजर व्हावं लागे. घर सोडावं लागेल, असं आई एका शब्दाने बोलली नव्हती. ती फक्त दुकानातून रिकामी खोकी आणू लागली होती.

आज आईला सुट्टी मिळाली नव्हती. त्या घरातलं एकुलतं एक मत या घटकेला कुणाला तरी सूप भरवत होतं.

"विषय नऊ," अध्यक्ष स्टॅनहोप म्हणाले.

मेव्ह उठली. "अध्यक्ष महोदय, मला बोलायचंय."

"तू कुठल्या बाकावर बसलीयस, पोरी?"

"माहितीये मला. मतदार नसलेल्यालाही सभा परवानगी देऊ शकते. मी ती मागतेय."

मागच्या रांगेत विणत बसलेल्या पेल्कीबाईंच्या सुया थांबल्या.

"कुणाची हरकत?"

"माझी!" म्हातारे ऑर्विस काठी टेकत उठले. "आज ही आली. उद्या बालवाडी येईल अंदाजपत्रक घेऊन!"

हशा पिकला. मेव्हचे कान तापले, पण ती खाली बसली नाही.

"हरकत आली, म्हणजे दोन तृतीयांश मतं लागणार," अध्यक्ष म्हणाले. "हात वर."

मोजणी दोनदा झाली. बाजूने एकसष्ट, विरोधात तीस. मेव्हने मनात भागाकार केला. यातला एक हात जरी तिकडे गेला असता, तरी तिला खाली बसावं लागलं असतं.

"बोल. तीन मिनिटं."

पहिलं पान राज्यघटनेच्या जन्मापासून सुरू होत होतं. तिने ते मनात वाचलं, मग चारही पानं दुमडून खिशात घातली.

"माझी आई इथल्या किती जणांच्या आईवडिलांना आंघोळ घालते, ते मी सांगणार नाही. तीही सांगायची नाही. ती कामावर येते ती याच पुलावरून. पुलांच्या दुरुस्तीला राज्याकडून मदत मिळते. आपण आजवर अर्जच केला नाही. मुदत मेपर्यंत आहे. हा विषय एक वर्ष पुढे ढकला, अर्ज मी लिहिते. म्हणून मी असा ठराव मांडते की..."

"थांब. परवानगी बोलायची मिळालीये. ठराव मतदारालाच मांडता येतो."

हे तिने वाचलंच नव्हतं. तिने खुर्च्यांवरून नजर फिरवली. कुणी बूट बघत होतं, कुणी छत. मेव्ह उभीच राहिली.

"इतकी का सगळ्यांची दातखीळ बसलीये?" डोनटच्या टेबलामागून डॉर्कस व्हिटकॉम्ब एप्रनला हात पुसत पुढे आली. "मांडला मी ठराव. माझ्या बाबांचे केस तिची आई विंचरते."

"अनुमोदन," पेल्कीबाई म्हणाल्या आणि पुन्हा विणू लागल्या.

ठराव मंजूर झाला. ऑर्विसांचा हात शेवटपर्यंत विरोधातच होता.

जेवणाच्या रांगेत ते भरलेली थाळी घेऊन तिच्याजवळ येऊन उभे राहिले. "वर्षच मिळालंय हं. पुढच्या मार्चला मी पुन्हा हरकत घेणार."

"पुलावर घ्या. माझ्या बोलण्यावर नाही घेता येणार तुम्हाला."

ऑर्विस घशातल्या घशात हसले आणि त्यांनी आपल्या हातातली थाळी तिच्यापुढे केली. "धर. जेव आधी."

मेव्हने ती घेतली आणि रांग सोडून गावाच्या कारकूनबाईंच्या टेबलाशी गेली. "पुलाचा अर्ज कसा करायचा?"

"आत्ता? अगं, घास तरी खा."

"तुम्ही सांगा, मी खात खात लिहिते."

तिने खिशातलं भाषण काढलं, कोरी बाजू वर केली आणि पेन्सिल मागितली.