दोघांचे दोन आजार

गाओलाथेनं तीस वर्षं कान्ये गावच्या पाणीखात्यात पाइप जोडले. निवृत्त झाल्यावर लग्न असो की मयत, सेस्वा शिजवायला बोलावणं त्यालाच यायचं. पहाटेपासून लोखंडी हंड्यात बीफ शिजवायचं, ते मुसळानं कुटून मोकळं करायचं, मीठ-चरबी चाखून ठरवायची. तो मनापासून चाखायचा.

त्याला बीपी होतं, मेव्हण्याला, मोलेफीला, कोलेस्टेरॉल. गुरांची वाटणी व्हावी तशी घरात ही वाटणी झालेली होती आणि कुणाची तक्रार नव्हती.

त्या सोमवारी दोघं दवाखान्यात एकाच बाकावर बसले होते. नर्स केनेइल्वेनं रिपोर्ट वाचला आणि अदबीनं हाक मारली.

"रा गाओलाथे, तुमचं कोलेस्टेरॉल वाढलंय."

"कागद बदलला असेल, म्मा केनेइल्वे. कोलेस्टेरॉल याचं. माझं बीपी."

मोलेफी खूश झाला. "काय दाजी, आता आजारातही वाटा मागायला लागलात?"

नर्सनं मोलेफीच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि पुन्हा फुगवला. "तुम्हालाही बीपी आहे."

मोलेफीचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"ही दोन्ही बऱ्याचदा जोडीनं येतात," ती म्हणाली. "रक्तवाहिनीत चरबी साचते, वाट अरुंद होते, कडक होते. मग हृदयाला जोर लावावा लागतो. त्या जोरानं आतलं अस्तर खराब होतं, तिथं चरबी आणखी चिकटते. पाइपसारखंच."

"पाइपसारखं कसं? पाइपचा तुकडा कापून नवा बसवता येतो. दोन तास पाणी बंद, अशी पाटी लावायची."

"इथं दोन तास बंद ठेवता येत नाही, रा."

गाओलाथेला पाणीखात्यातले दिवस आठवले. टेकडीखालची एक जुनी लाइन त्यानं कापली होती. वरून ठणठणीत, आतून पेन्सिल जाणार नाही.

"फुटेपर्यंत वरून कळत नाही?"

"बहुतेकांना नाही. गोळ्या रोज घेता ना?"

"डोकं दुखलं की घेतो."

"आणि डोकं कधी दुखतं?"

"क्वचितच. गोळी चांगली आहे."

नर्सनं रोज घ्यायच्या दोन गोळ्या लिहून दिल्या. मोलेफीलाही तेवढ्याच.

शनिवारी भाचीचं लग्न होतं. गाओलाथेनं मीठ निम्मं घातलं, वरची चरबी पळीनं काढून टाकली. म्हाताऱ्या मावशीनं एक घास बराच वेळ चावला.

"घरात कोण आजारी आहे?"

"कुणी नाही, मावशी."

"मग दवाखान्याचं जेवण कुणासाठी केलंस?"

पुढच्या लग्नाला दुसऱ्याच आचाऱ्याला बोलावलं. तीन दिवसांत गाओलाथेनं घरातले न गळणारे सगळे नळ उघडून पुन्हा बसवले, तेव्हा बायकोला कळलं की त्याच्या मनाला लागलंय.

महिन्याभरानं त्याचं बीपी उतरलं होतं. कोलेस्टेरॉलची तपासणी अजून व्हायची होती. दुसऱ्या आचाऱ्यानं रांधलेल्या त्या लग्नाला तो पाहुणा म्हणून गेला, थोडंसं सेस्वा वाढून घेतलं आणि निम्मं मोलेफीपुढे सरकवलं.

"नको, दाजी. माझेही आता दोन आजार आहेत," मोलेफी म्हणाला आणि त्यानं ताट परत सरकवलं.