कुठल्या दिवसापासून मोजायचं

आश्लेषा त्या मंगळवारी ऑफिसात गेली ती फक्त पार्सल आणायला. टेक्सासमधल्या अर्विंग गावातल्या त्यांच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये भाडेकरूंची पार्सलं मॅनेजरच्या ऑफिसात ठेवत, आणि नागपूरहून आईनं पाठवलेला खोका चार दिवस तिथेच पडून होता. मॅनेजर पॅटी एका नव्या जोडप्याशी बोलत होती. हैदराबादचे असावेत, नुकतेच उतरलेले. डोळ्यांवरची झोपसुद्धा गेली नव्हती.

"सध्या फक्त नऊ नंबरच्या बिल्डिंगमध्ये जागा आहे," पॅटी हसून म्हणाली. दोघांनी माना डोलावल्या आणि ते आतल्या खोलीत सह्या करायला गेले.

मागे एक गोरा तरुण कुत्र्याचा पट्टा धरून उभा होता. पॅटी त्याच्याकडे वळली. "तुम्हाला तीन जागा दाखवते. तिन्ही स्विमिंग पूलच्या बाजूला. आधी कुठली बघायची?"

आश्लेषा खोका घेऊन बाहेर पडली आणि पार्किंग लॉटमध्येच थांबली. वर्षापूर्वी तिला आणि तिच्या नवऱ्याला, सुशांतला, पॅटीनं हेच वाक्य ऐकवलं होतं. फक्त नऊ नंबर. नऊ नंबर म्हणजे सगळ्यात मागची बिल्डिंग, कचऱ्याच्या डंपस्टरला लागून.

नागपूरच्या कॉलेजात तिनं तीन वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं होतं. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे नोकरी करायची मुभा नव्हती, पण डोकं काही रजेवर गेलं नव्हतं. दोन दिवस संध्याकाळी ती कॉम्प्लेक्सभर फिरली. दारांबाहेरच्या चपला, उंबऱ्यावरची रांगोळी, फोडणीचा वास, असं सगळं बघत. नऊ नंबरमध्ये सोळा घरं, त्यांतली चौदा भारतीय. समोरच्या आठ बिल्डिंगमध्ये मिळून एकही नाही.

"यार आशू, आपली माणसं एकत्र राहतात, त्यात काय एवढं?" सुशांत लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

"राहतात, की ठेवलीत?"

"तू ना, कशातही डेटा शोधतेस."

शनिवारी तिनं त्याला लायब्ररीपर्यंत ड्राइव्ह करायला लावलं. तिथल्या बाईंना तिनं जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी सरकारी गृहनिर्माण खात्याचं एक माहितीपत्रक काढून दिलं. वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारणं किंवा ठरावीक जागेकडेच वळवणं बेकायदा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आश्लेषाला अगदी हुरूप आला. मग शेवटच्या पानावरची ओळ तिनं वाचली. तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी.

घरी येऊन तिनं भाडेकराराची फाइल काढली. सही ९ ऑगस्ट २००३ ची. आज २१ ऑगस्ट २००४.

"बारा दिवस," ती म्हणाली. "बारा दिवसांनी हुकलं."

"मग संपला विषय," सुशांत म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी सुटका होती, हे तिला कळलं.

पण विषय संपला असं तिला वाटेना. वर्ष म्हणजे नेमकं कुठल्या दिवसापासून? सही केली त्या दिवसापासून, की फसवलं गेलं हे कळलं त्या दिवसापासून? पत्रकात हे नव्हतं. सोमवारी तिनं गृहनिर्माण खात्याच्या फोर्ट वर्थमधल्या ऑफिसला फोन लावला. बराच वेळ वाट पाहिल्यावर एका वयस्कर बाईंचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भाडेकराराला वर्ष उलटून गेलंय, हे खरं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तुम्ही त्यांच्याकडे पुन्हा काही मागितलं होतं का?"

आश्लेषानं फाइल पुढे ओढली. "जानेवारीत. माझ्या सासूबाई यायच्या होत्या, त्यांचे गुडघे दुखतात. आम्ही तळमजल्यावरचं घर मागितलं होतं. नऊ नंबरमध्ये तळमजला भरलेला होता, म्हणून समोरच्या बिल्डिंगमध्ये मागितलं. एकही रिकामं नाही म्हणाले."

"लेखी मागितलं होतं?"

"फॉर्म भरला होता. कॉपी आहे माझ्याकडे."

"मग ती वेगळी घटना. तिचं वर्ष वेगळं. आणि आता सांगा, हे बंद झालंय का?"

"मंगळवारी माझ्या डोळ्यांदेखत झालं."

"हे अजून चालूच असेल, तर आधीच्या दिवसांचंही बघता येईल. ते तपासानंतर ठरेल. तुम्ही लिहून पाठवा. आठवतील तेवढ्या तारखा लिहा, तुमच्या आणि इतरांच्याही."

फोन ठेवण्याआधी आश्लेषाला राहवलं नाही. "एकच वर्ष का ठेवलंय?"

बाई हसल्या. "हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. लोक विसरतात. कागद फेकले जातात. साक्षीदार गाव सोडून जातात. तुमच्यासारखे तर जास्तच, नाही का? प्रोजेक्ट संपलं की चालले."

दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन दारोदार फिरू लागली. तारखा कुणालाच धड आठवत नव्हत्या, पण प्रत्येकाकडे काहीतरी खूण होती. एकांना मुलाचा पहिला वाढदिवस आठवत होता, एकांना रस्त्यांवर बर्फ साचून ऑफिसं बंद पडली तो दिवस. दोघांनी दार लावून घेतलं. पाच जण म्हणाले, सांगतो, पण नाव नको. हैदराबादची नवी मुलगी, श्रीलता, मात्र चहाचा कप हातात देऊन म्हणाली, "माझं नाव पहिलं लिहा."

खालच्या मजल्यावरची सुचित्रा पुण्याची, तिची इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. तिलाच हे पटेना.

"अगं, मला आवडतं इथे. मुलं एकमेकांत खेळतात, वेळेला हळद-मीठ मिळतं. कशाला मोडायचं?"

"मोडायचं कुठेय? तुला राहायचं असेल तर राहा की. पण तुला विचारलं होतं का कुणी?"

सुचित्रा भाजी निवडत राहिली. मग जुडी बाजूला सारून म्हणाली, "नाही. मलाही फक्त नऊ नंबरच सांगितला होता. डिसेंबरची अठरा तारीख. लिही."

अडलं होतं ते सुशांतपाशी. एच-वन व्हिसावर असताना सरकारी भानगड नको, असं त्याचं म्हणणं. घर भाड्यानं घेणाऱ्या कुणालाही तक्रार करता येते, व्हिसा कुणी विचारत नाही, हे आश्लेषानं फोन करून विचारून घेतलं होतं. तरी तो टाळत राहिला. शेवटी तिनं लिहिलेला कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. "स्पेलिंग तरी तपास."

तो वाचत गेला आणि जानेवारीच्या परिच्छेदाशी थांबला. आई तीन महिने जिन्याच्या अठरा पायऱ्या कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली होती. रोज म्हणायची, व्यायाम होतो रे.

"आईचे गुडघे नीट लिहिले नाहीस," तो म्हणाला. "दे इकडे. मी लिहितो."

तक्रार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. नोव्हेंबरात तपास करणारा अधिकारी आला, दोन दिवस ऑफिसात बसून रजिस्टरं चाळून गेला. त्यांत निघालं, की त्यांनी घर मागितलं त्या जानेवारीत समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरची तीन घरं रिकामी होती, त्यांतली दोन तर सहा आठवडे. कॉम्प्लेक्सच्या मालक कंपनीनं कोर्टात जाण्याऐवजी समझोता केला. येणाऱ्या प्रत्येकाला सगळ्या रिकाम्या घरांची यादी दाखवायची, ऑफिसातल्या लोकांना कायद्याचं प्रशिक्षण द्यायचं, आणि तक्रारदारांपैकी ज्यांना हवं त्यांना घर बदलून द्यायचं.

सुचित्रा नऊ नंबरमध्येच राहिली. आश्लेषाला मार्चमध्ये घरं दाखवायला खुद्द पॅटी आली. ती पुढे किल्ल्या घेऊन चालत होती आणि फारसं बोलत नव्हती. दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघरात आश्लेषानं इतके महिने मनात घोळणारा प्रश्न विचारला.

"पॅटी, हे ठरवलं कुणी होतं?"

पॅटीनं किल्ल्या ओट्यावर ठेवल्या. "मी इथे लागले तेव्हा आधीच्या मॅनेजरनं सांगितलं होतं. तुम्हा लोकांना एकत्र राहायला आवडतं, आणि स्वयंपाकाचा वास बाकीच्यांना चालत नाही, म्हणून."

"कुणी तक्रार केली होती का वासाची?"

पॅटीनं खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "माझ्या सहा वर्षांत तरी नाही," ती हळूच म्हणाली. "मी कधी विचारलंच नाही."

आश्लेषानं खिडकी उघडून पाहिली. ती जरा अडकत होती.

"तिसरं दाखव," ती म्हणाली.