गहाण पडलेलं मशीन

नणंदेने उसने पैसे देताना शिंपिणीचं शिलाई मशीन गहाण म्हणून उचलून नेलं आणि वर चारचौघांत म्हणाली, "यांच्या हातात पैसा टिकत नाही." ते शिंपिणीच्या जिव्हारी लागलं. मग दोन वर्षं सगळं घर दर रविवारी खर्चाची वही घेऊन बसलं. नवऱ्याने सिगारेट सोडली, मुलींनी बस सोडून पायपीट केली.

शेवटचा हप्ता हातात घेऊन ती टेम्पोसकट नणंदेच्या दारात गेली. नणंद त्याच मशीनवर पडदा शिवत होती.

"एवढी शिवण होऊ दे गं."

शिंपिणीने पैसे ठेवले आणि दोरा कापला.

"उरलेलं हाताने शिवा, वन्सं. मी दोन वर्षं तेच केलं."

मशीन टेम्पोत चढेपर्यंत ती नणंदेचा उतरलेला चेहरा डोळे भरून बघत उभी राहिली.