काटा हलला नाही तेव्हा

मित्रांनो, मी हाताच्या पकडीची ताकद मोजणारे एक जुने यंत्र आहे. पोलादी मूठ, तिच्यावर काचेची तबकडी आणि आत लाल काटा, एवढाच माझा संसार. घडवले मला धट्ट्याकट्ट्या कामगारांसाठी. पण येऊन पडले मुलांच्या इस्पितळात.

तिथे एका दुर्मीळ आजाराचा अभ्यास चालतो. या आजारात मुलांचे स्नायू हळूहळू दुबळे होतात. ते कोणत्या वयात, किती वेगाने होतात, हे नीट कळले तरच उद्याचे औषध लागू पडते की नाही, ते ठरवता येईल. म्हणून मुले ठरावीक महिन्यांनी येत, मला दाबत आणि घरी जात. मधले सगळे दिवस मी बंद कपाटात, एकटे.

त्यांतलीच एक मुलगी भिंगरी. पहिल्यांदा आली तेव्हा एका जागी ठरत नव्हती. तिने मला असे आवळले की डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "अगं, मोडशील ना ते!"

पुढच्या खेपेला काटा कमी चढला. त्यापुढे आणखी कमी. मी नुसते मोजत राहिले. ‘राहू दे, दमलीस’ एवढेही मला म्हणता येत नव्हते.

मग एकदा ती चाकांच्या खुर्चीतून आली. दातओठ खाऊन तिने मला दाबले. काटा जागचा हलला नाही.

"आई, मी नापास झाले?"

आईने तोंड फिरवले. डॉक्टरबाईंनी मला बाजूला ठेवले आणि स्वतःची दोन बोटे तिच्या मुठीत दिली. "आता दाब."

"दाबलं."

"कळलं की मला! हा काटाच गेंड्याच्या कातडीचा आहे, त्याला कुठलं कळायला!"

ती खुदकन हसली. पण शून्य आले की मुलाचे नाव अभ्यासातून काढायचे, असा तिथला नियम होता. डॉक्टरबाई फोनवर वरिष्ठांशी भांडल्या. "तिची ताकद संपलेली नाही, सर. आपलं मोजणं संपलंय."

अखेर एक नाजूक नवे यंत्र आले. त्याला हलका स्पर्शही कळतो. भिंगरीचे नाव राहिले. औषध मात्र अजून सापडलेले नाही.

मला आता कुणी बाहेर काढत नाही. कपाटाच्या दारातून तिचा आवाज येतो, "आज किती?" उत्तर मला ऐकू येत नाही. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, एकच मागणे आहे. कुणाचा हात तुमच्या हातात सैल वाटला, तर लगेच सोडू नका. जरा थांबा. तो दाबत असेल.